सहा आणि आठ

इब्रीच्या सनाइयात, तिसऱ्या गल्लीत,
टायरवाला आणि खजुराचं गोदाम यांच्या मधे
माझं गॅरेज.
माझं म्हणजे कफील सुलेमानचं. पाने माझे.
बाबासो म्हणायला इथं कुणाला जमत नाही,
मी बाबा-सू.

दर गुरुवारी अस्रच्या नमाजानंतर दोघं येतात,
मुसल्लम आणि त्याचा मेव्हणा हमूद.
एकाची सहा सिलिंडरची, सगळे एका ओळीत,
प्रार्थनेला उभी केलेली पोरं जशी.
दुसऱ्याची आठ, चार-चार समोरासमोर,
पंगतीला बसल्यासारखी.
दोन्ही डिझेल, दोन्ही म्हशीएवढ्या रुंद,
दोन्हींच्या पाठीवर उंट गुडघे मुडपून बसतो
आणि फहूदच्या रस्त्याकडं असा बघतो
की मालक तोच.

वाद अकरा वर्षांचा.
"सहा लाख किलोमीटर, हेड उघडलं नाही माझं."
"वाळूत कधी घातलीस का? डांबरावर म्हातारीही पळते."
"तुझा पंप दोनदा गेला."
"तुझी चॅसी तडकली. वेल्डिंग कुणी केलं, विचार बाबा-सूला."
मी चहा ओततो. वेलदोडा जरा जास्त.
साक्षीदारालाही पोट असतं.

खरं सांगू? दोन्ही मला आतून ठाऊक.
शिरोलीच्या फाउंड्रीत नऊ वर्षं ओतकाम केलंय,
निवताना लोखंड काय पुटपुटतं ते ऐकलंय.
सहावालीचं लोखंड जाड, मंद, थोरल्या चुलत्यासारखं,
तापलं की तिन्हीसांजेपर्यंत निवत नाही,
पण शब्दाला पक्कं.
अंग मात्र कच्चं. बिजागऱ्या लोंबतात,
डॅशबोर्ड उन्हात पापडासारखा उलतो.
आठवालीचे पाटे अजून कारखान्यातून आलेले तेच,
दार लावलं की तिजोरी बंद झाल्यागत आवाज,
आणि इंजेक्टर असे नखरेल
की डिझेलात थेंबभर पाणी आलं, बसले रुसून.
हे मी दोघांनाही सांगितलंय.
वेगवेगळं. एकत्र कधीच नाही.

गेल्या जूनमध्ये, सावलीतसुद्धा पन्नास असताना,
आठवालीनं कनेक्टिंग रॉड बाहेर फेकला.
ब्लॉकला भोक, माझी मूठ जाईल एवढं.
हमूद बघत राहिला.
अकरा वर्षं मुसल्लम याच दिवसाची वाट बघत होता.
तो काही बोलला नाही.
पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं
आणि बाटली मेव्हण्याच्या हातात दिली.

श्रावण असेल तिकडं, तेव्हा
सहावालीची चॅसी मोडली, वाळूत, उंटासकट.
माझं वेल्डिंग शाबूत होतं, हे नोंदवून ठेवतो.
बोटभर पलीकडं लोखंडच गेलं.
उंटाला काही झालं नाही. तो उतरून चरायला गेला म्हणे.

मग दोघं आले मुसल्लमच्या लेकीच्या छोट्या गाडीतून,
गुडघे छातीशी घेऊन.
"बाबा-सू, होईल?"
काय होईल ते दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

सतरा दिवस लागले.
माउंटिंग मी कापली, मी जोडली.
मधली प्लेट गुलजमाननं लेथवर काढली,
दोनदा चुकला, तिसऱ्यांदा शिवी न देता बरोबर काढली.
मुल्कियाच्या कचेरीत साहेबानं कागद
पुढून बघितला, मागून बघितला,
मग खिडकीतून गाडी बघितली आणि हसला.

आता गुरुवारी एकच येते.
सहांचा आवाज, आठवालीचं अंग.
उतरल्या उतरल्या सुरू:
"ओढतं कोण?"
"पेलतं कोण?"
मी चहा ओततो.

एक तेवढं राहिलं. मीटर हमूदच्या डॅशबोर्डचा,
त्याच्या तारा या इंजिनाशी बोलेनात.
आकडा गोठलाय जूनमधल्या त्या दुपारवर.
दुरुस्त करू का, म्हणून विचारलं.
दोघांनी एकमेकांकडं बघितलं,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
एकाच वेळी एकच म्हणाले:
राहू दे.