दोन पानं

वर्षावासातला एकविसावा दिवस. खैरटोल्याच्या विहारात
सतरा बाया, रोवण्याचा चिखल अजून घोट्याला,
तीन म्हातारे, आणि एक शेळी,
जिला पावसानं आत आणलं आणि कुणी हाकललं नाही.
मी वाचतो आहे. माझ्या आवाजाला हजेरी घेण्याची सवय.

पुढं त्या भिक्खूची कथा आहे, चंदनाच्या पात्राची.
मला ठाऊक आहे तिच्यात काय आहे,
म्हणून अंगठा ओला करून
दोन पानं एकदम उलटतो.

आमच्या बानं देव्हारा वैनगंगेत सोडला
तेव्हा मी नव्हतो. त्याचं सांगणं तेवढं घरात राहिलं,
भिंतीला सूप राहतं तसं:
"उडते तो कोंडा. दाना खालीच पडते."
त्यानंतर आमच्यात कुणी उडालं नाही,
पाण्यावर चाललं नाही, भिंतीतून आरपार गेलं नाही.
आम्ही दारातून गेलो.
त्यातली काही दारं
फार उशिरा उघडली.

"मास्तर, दोन पानं पलटवलेस गा."
बयनाबाई गजभिये. तिला वाचता येत नाही.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
परवाच लाखनीच्या शिबिरात मोतीबिंदू काढलेला.
"आवाज एका पानाचा आला, पन जड आला."

दिव्य श्रोत्र म्हणतात त्याला.
ध्यानाच्या चौथ्या पायरीवर मिळतं म्हणे.
हिला धान पाखडतानाच मिळालं असेल.

मागं आलो. वाचलं.
राजगृहाच्या सावकारानं पात्र टांगलं
वेळूला वेळू बांधून: उडून घेईल त्याचं.
"केवढा उंच?"
साठ हात.
"एवढा बांबू त नवेगावच्या जंगलातही नाही."
भिक्खू उडाला. पात्र घेतलं,
नगरावरून तीन फेरे मारले,
खाली लोक ओरडत पळाले.
इथं माझा आवाज उतरला, उधारी मागावी तसा.
बा असता तर उठला असता,
बाहेर चपला शोधत राहिला असता उगाच.

"मंग तथागत खुश झाले असतीन?"
नाही. रागावले.
म्हणाले, लाकडाच्या एका भांड्यासाठी?
पात्र फोडायला लावलं. तुकडे उगाळून
भिक्खूंच्या डोळ्यांच्या अंजनात घालायला दिले.

बयनाबाई गप्प. हात पट्टीकडे निघाला,
डॉक्टरचं आठवून मांडीवर परत आला.
"बेस केलं," म्हणाली.
"उडन्याचं काजळ केलं."
मग जरा थांबून, "उडाला मात्र असन गा तो.
उगाच कोनी कोनाला रागवत नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
शेळीनं रवंथ सुरू केलं.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला,
पान स्वतःहून उठलं.
बयनाबाईनं मान वळवली, पट्टी नसलेल्या बाजूनं.

"एकच," मी म्हणालो,
आणि त्यावर बोट ठेवलं.