दारमची पिशवी

कारखान्यात रिजेक्ट झालेल्या टॉवेलाची
मी ही पिशवी शिवली, लाल पट्टा बाहेर ठेवून.
आत रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
सुताची दुपेडी दोरी,
पाण्याची बाटली, नळ आला की बदलते, म्हणजे चार दिवसांआड,
अत्तम्माच्या लुगड्याचा हातभर तुकडा
आणि सहा कडक भाकरी.
कडक भाकरी महिनाभर टिकते.
भीती इतकी टिकत नाही,
म्हणून ती ताजी होती तेव्हाच शिवून घेतली.

दारम म्हणजे दोरा.
वेस्ट सुताच्या ढिगात सापडला तो अत्तम्माला,
चारी पायांना गुंता, डोळे अजून उघडायचे.
तिने कात्री लावली नाही.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं,
रात्री एकपर्यंत एकेक धागा सोडवत बसली
आणि त्याच्याशी बोलत राहिली, तेलुगूत.
ती गेली. कुत्रा माझ्याकडे आला,
तिची भाषा घेऊन.

मी मोहोळची. मी ‘ये’ म्हणते,
तो शेपूट हलवतो आणि बसून राहतो.

पलीकडच्या गल्लीतलं गोदाम पेटलं
त्या रात्री वीज तोडली
आणि आमच्या खालचे सगळे माग एकदम थांबले.
जन्मापासून ती खटखट त्याच्या पोटाखाली होती.
शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती.
तो पाण्याच्या बॅरलमागे शिरला.
ये रे, ये राजा, दारम, ये,
जिन्यात धूर, बंबवाला ओरडतोय, बाई, सोडा त्याला.
मग कुठून आठवलं कोण जाणे:
इक्कडा रा.
आला. लघवीत भिजलेला, पण आला.

आमच्याकडे रा म्हणजे राहा.
त्यांच्याकडे रा म्हणजे ये.
एवढ्याशा अक्षरावर बसला होता त्याचा जीव.

तेव्हापासून माग थांबला की भाकरीचा तुकडा.
जेवणाच्या सुट्टीत थांबला, तुकडा.
लाईट गेली, तुकडा.
मामय्या म्हणाले, कुत्र्याला लाडावतेस.
मी म्हटलं, शाळा घेते.
त्यांना ऐकू गेलं नाही. चाळीस वर्षं मागावर होते.

परवा रात्री दोनला चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला.
माग थांबले.
अंधारात काहीतरी ओलं माझ्या तळव्याला लागलं,
दारमचं नाक. तो वळून
दाराशी, पिशवीच्या खिळ्याखाली जाऊन उभा राहिला.
खाली उतरायला चार मिनिटं लागली,
त्यातली तीन मामय्यांच्या सदऱ्याच्या बटणांची.

आग नव्हतीच. नुसता जळका वास
आणि गल्लीभर माणसं, मोबाईलच्या उजेडात.
दारमचं कार्ड माझ्या खांद्याला, दारमचं पाणी, दारमची दोरी.
आमचं रेशनकार्ड वर पेटीत,
मामय्यांचं कानाचं मशीन उशीखाली,
आणि मी अनवाणी.
कोंड्याल मास्तरांची बायको हसून हसून खाली बसली.

उद्या दुसरी पिशवी शिवायला घेते. माल आहे.

पहिलीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय,
मी नसले तर जो कोणी वर येईल त्याच्यासाठी:
चावत नाही.
सापडला नाही तर बॅरलमागे बघा.
ये म्हणू नका, इक्कडा रा म्हणा,
घाईत नको,
धागा सोडवताना बोलतात तसं.