सावधान

चोपड्याच्या कॉलेजात, मागच्या हॉलात,
पडदा म्हणजे लोटन सरांच्या घरची चादर.
इस्त्री केलेली, तरी मधोमध एक घडी राहिलेली.
सिनेमातलं शहर त्या घडीवर येऊन जरा मोडायचं.

भोंगा वाजला की जेवायचं त्या शहरात,
पुन्हा वाजला की हसायचं.
पहिली दहा मिनिटं मी मनात म्हटलं, शिस्त बरी आहे.
हसू नका. वीस वर्षं पी.टी. शिकवतोय मी.

मग कॅमेरा वर गेला,
घार जाते तितका वर,
आणि माणसं दिसली केळीच्या बागेसारखी,
पाच बाय पाचवर लावलेली.
नुसती डोकी. चेहरा एकालाही नाही.
मैदान ओळखीचं वाटलं.

पुढे एक बाई, ताट घेऊन उभी.
भोंगा वाजेना.
कॅमेरा हलेना.
संगीतही नाही, की आता रडायचं का घाबरायचं ते कळावं.
"अटकनं का रे भो?" मागून कुणीतरी.
लोटन सर लॅपटॉपपाशी, हात मांडीवर, गप्प.
माझ्या दाताखाली शेंगदाण्याचं टरफल
केवढ्यानं वाजलं!
पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून
मी ताट पाहिलं. रिकामं.
मग ताटाच्या कडेवरचा तिचा अंगठा,
हळूहळू सरकणारा.
तो मला कुणी दाखवला नव्हता.

सोमवारी आठवी ब.
मी म्हटलं, सावधान.
आणि विश्राम म्हटलंच नाही.

मिनिट गेलं. दुसरं गेलं.
तोंडातल्या शिट्टीला पितळेची चव.
मागे सातपुडा, तोही हलत नव्हता.
पोरांनी आधी माझ्याकडे पाहिलं,
मग, जरा भीतभीत, एकमेकांकडे.
तिसऱ्या रांगेतली रमिला पावरा वाकली,
पोटरीवरचा मुंगळा झटकला,
आणि सरळ निंबाखाली जाऊन बसली.

"सर, सर, ती बसली!"
पुढच्या रांगेतून आवाज आला.
पोरगं हुशार आहे. माझ्याच हातचं.

हेडमास्तर खिडकीत आले होते.
शिट्टी ओठांत होती.
आता काय करायचं, हे
कुणीच सांगत नव्हतं.