बिनबटनाचा

गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात.
आमचं दुकान कितव्यावर, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
भांडेवाल्यांच्या ओळीपुढं, सुतळीवाल्याच्या माडीवर,
जिना एवढा अरुंद की स्पीकर आडवा न्यावा लागतो.
अनुसयाबाई उजगरे तो चढून आल्या,
मे महिना लागला होता,
जयंतीचे कार्यक्रम उरकलेले, घसा बसलेला,
कमरेच्या पिशवीत नऊ हजार आठशे.

"माईक दाखव बाळा. माझा सवताचा पाहिजे."

तीस वर्षं ज्याचा मांडव त्याचा माईक.
जाळी चेपलेली, वायरीला तीन रंगांच्या चिकटपट्ट्या,
आधीच्या भाषणाची थुंकी, तंबाखूचा वास,
आणि औशाला एकदा
ओठाला बसलेला झटका.
"गाणं थांबवलं न्हाई," त्या म्हणाल्या,
आणि पाणी मागितलं.

मी आधी महागातला काढला, कंडेन्सर.
हेडफोन त्यांच्या कानाला लावला.
त्या काही बोलल्याच नाहीत, तरी त्यात
पंखा होता, खालच्या सुतळीवाल्याचा खोकला होता,
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
माझ्या खिशातल्या किल्ल्या.
"हे तर सगळंच ऐकूलालंय.
माझ्यामागं ढोलकी, झांज अन् जनरेटर असतंय.
ठिव."

मग टॉवेलवर तीन डायनॅमिक मांडले.
सांगितलं, आत पातळ पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं,
मागं लोहचुंबक.
आवाज आदळला की वेटोळं हलतं,
हललं की वीज निघते.
बाहेरून काही द्यावं लागत नाही.

"म्हंजे गाणाराच्याच जिवावर चालतंय."

हो.

"मग वळखीचं हाय."

हा गोलाईसारखा नाही बाई, मी म्हणालो,
सोळा रस्त्यांचं ऐकत बसत नाही.
तोंडासमोरची एक वाट तेवढी धरतो,
पाठीकडून बहिरा.
त्या पहिल्यांदा हसल्या:
"पाठीमागचं मी लई ऐकलंय. बहिराच बरा."

पहिल्यात 'स' आला की सुई टोचायची.
दुसरा भरदार, कीर्तनकार तोच नेतात.
तिसरा साधा, जरा मंद,
दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेला.
पण बाई काळी चारात गातात,
आणि त्यांच्या आवाजाला मुळातच धार आहे.
धारेला आणखी धार लावली
की ऐकणाऱ्याचा कान कापतो.
मी तिसराच पुढं केला. त्याला मध्यावर बटन होतं,
चालू-बंद. सगळ्यांना आवडतं.

त्यांनी अंगठा बटनावर ठेवला. उचलला.
"एका गावात," त्या म्हणाल्या, गावाचं नाव घेतलं नाही,
"दुसऱ्या कडव्याला एकजण स्टेजवर आला,
माईक सरळ करतो म्हणला.
करून गेला.
मी चार ओळी गायले त्याच्यामागं.
मलाच ऐकू येऊलालतं.
ढोलकीवाल्यानं खाली बघितलं, तवा कळालं."

खाली भांड्यांच्या दुकानात
काहीतरी पितळेचं पडलं, बराच वेळ घुमलं.

बिनबटनाचा तोच माईक गोदामात होता.
पोत्यांमागून काढला, शर्टाला पुसला.
आमच्याकडं येणारा प्रत्येकजण
हॅलो हॅलो म्हणतो, वन टू थ्री म्हणतो,
जाळीवर टिचकी मारतो.
बाईंनी ओठांपासून दोन बोटं अंतर धरलं
आणि नुसता श्वास घेतला.
पहिला शब्द अजून यायचा होता,
पण काउंटरवरची धूळ
स्पीकरसमोरून सरकली,
किंवा मला तसं वाटलं.

एक ओळ. मग दूर नेऊन तीच ओळ, पातळ.
मग इतक्या जवळ की खर्जात
त्यांच्या आईचा आवाज लागला, असं त्या म्हणाल्या.
मी त्यांच्या आईला ऐकलेलं नाही.

भाव चाळीस मिनिटं चालला.
पाच मीटरची वायर फुकट देतो म्हणालो.
"पाच? मी काय खुर्चीत बसून गाते व्हय रे,
धा मीटरची दे," त्या म्हणाल्या
आणि पिशवीची गाठ सोडताना
माईक काखेत धरला,
खाली ठेवला नाही.