बरोबर पासवर्ड

रात्री यंत्रानं कात टाकली.
सकाळी साडेसहाला एंडेल माझं दार वाजवतो,
हातमोजेसुद्धा न काढता.

पासवर्ड तोच, गेल्या अकरा वर्षांचा:
मेलेल्या कुत्र्याचं नाव आणि त्याच्या जन्माचं साल.
तो टाकतो. पडदा काळा होतो
पापणी लवेल इतकाच वेळ,
आणि पुन्हा तोच निळा चौकोन,
त्यात लुकलुकणारी तीच उभी रेघ.

पुन्हा टाकतो.
पुन्हा.

चुकीचा टाकून बघ, मी म्हणते.
टाकतो. यंत्र लगेच सांगतं: चूक.
म्हणजे बरोबर ते बरोबरच आहे
आणि तरी एक शब्द न बोलता
उंबरठ्यावरून परत.
चुकलेल्याला निदान उत्तर तरी मिळतं.

बाहेर हाप्सालूचं आखात गोठलेलं, उणे अकरा.
पलीकडच्या बेटावरून लेम्बीचा दुसरा फोन:
बर्फावरचा रस्ता आज उघडणार का?
गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख मिळालीय तिला, चार महिन्यांनी.
एंडेलनं पहाटेच भोकं पाडून जाडी मोजलीय,
पण वहीत चढल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही
हा त्याचा नियम,
आणि वही आत. एकोणीस हिवाळ्यांची.

कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
खिडक्या, चित्रं, निळाई, सगळं गळून पडतं.
काळी भिंत, पांढरी अक्षरं.
इथं तोच पासवर्ड चालतो;
परसातून आल्यासारखे आम्ही आत.

डिस्कवर जागा आहे. वही आहे.
मी लॉग वाचत जाते खालून वर,
माशाची खवलं काढतात तशी, शेपटीकडून.
बरंच काही ओके, ओके, ओके.
मग एक ओळ: लिहिता येत नाही. परवानगी नाही.

टिंबानं सुरू होणारी एक फाईल,
एरवी नजरेलाही न पडणारी, त्रेपन्न बाइटांची.
मालकाच्या रकान्यात: रूट.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात;
इथं घर होतं तसंच,
एकच वासा फिरला होता.
उंबरठ्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव.

रात्री तू काही केलंस?
अपग्रेडनं केलं असेल, तो म्हणतो.
खिडकीकडे बघतो.
आत्ता कुठे हातमोजे काढतो, एकेक बोट.
"मध्येच पडदा गोठला. मग मी सुडो लावून
स्वतःच सुरू करून पाहिलं.
वाटलं, सगळ्यात मोठा अधिकार वापरला की
उघडेल."

उघडलं ना. त्या अधिकाऱ्याला.

एक ओळ लिहिते: ज्याचं घर, त्याच्या नावे. एंटर.
यंत्र काहीच म्हणत नाही.
इथं गप्प राहणं म्हणजे झालं.

आता तू टाक, म्हणत मी तोंड फिरवते,
जणू त्या कुत्र्याचं नाव गल्लीभर ठाऊक नाही.
पडदा काळा. या वेळी जरा जास्तच वेळ.
मग कुत्रा: बर्फावर, जीभ बाहेर,
कानावर आयकॉनांची रांग.

बर्फावरून जाताना इथं गाडीत पट्टा बांधत नाहीत,
दार आतून झटकन उघडता यावं म्हणून.
बाहेर कसं पडायचं हे
आयुष्यभर लोकांना शिकवत आलाय हा माणूस.

वही उघडते. तारीख. वेळ.
सगळ्यात पातळ जागा: एकोणीस सेंटिमीटर.
तो दोनदा वाचतो, सेव्ह करतो, फोन उचलतो.
लेम्बी, नाही. अजून तीन हवेत.
ती बोलत राहते, बराच वेळ.
तो ऐकतो,
दुसऱ्या हातानं हातमोजे शोधत.