मेणाची उधारी

लुजेंदा नदीच्या अलीकडे, ट्रक वळतो तिथे
माझं दुकान. पत्र्याचं, निळ्या दाराचं.
साखर, मीठ, काड्यापेट्या, साबणाच्या वड्या,
बाहेर भिंतीला टेकून कोळशाची पोती.
आतिजा म्हणतात मला. ब्वानालीची धाकटी.
कोण किती देणं लागतं, सगळं वहीत आहे.

बाबांचं नाव वहीत कधीच नव्हतं.
साखर त्यांना लागलीच नाही.
त्यांचं खातं एका पाखराकडे.

राखाडी, मूठभर, गर्दीत ओळखू येऊ नये असं.
आमच्यात सेगो म्हणतात त्याला.
कुठल्या ढोलीत पोळं आहे, त्याला ठाऊक;
पण कुऱ्हाड नाही, विस्तव नाही.
बाबांकडे दोन्ही होतं,
फक्त रानाच्या शेंड्यांवरून बघणारी नजर नव्हती.
म्हणून ते ओठ थरथरवून हाक घालायचे:
ब्रर्र-हम्म.
आजोबांकडून आलेली हाक, आजोबांना त्यांच्या बापाकडून.
पाखराला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
ते परक्या घरट्यात अंडं फोडून निघतं,
तिथल्या पिल्लांना मारून वाढतं,
आईचं तोंडही बघत नाही.
"गुणाचं नाही," बाबा म्हणायचे, "पण व्यवहाराला चोख."
मध आपला, मेण त्याचं.
मेण हिरव्या पानावर ठेवायचं, मातीत नाही.

एका वर्षी वणवा उशिरा आला, मोहोर करपला.
माश्या उठून गेल्या, पाखरूही फिरकलं नाही.
त्या वर्षी बाबा कुणाशी फारसे बोलले नाहीत.

यंदा त्यांचा गुडघा गेला.
पाखरू आलं, नेहमीसारखं,
दुकानामागच्या काजूवर किरकिरत बसलं.
दोन फांद्या पुढे. मागे वळून बघणं. परत पहिल्या फांदीवर.
रैमुंदो, माझा भाचा, मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
"मावशी, गिऱ्हाईक आलंय तुझं."
तीन दिवस असं.
चौथ्या दिवशी मी दार ओढून घेतलं.

हाक मला येईना. आधी नुसती थुंकी उडाली.
मग कुठून तरी आली ती, बाबांच्या आवाजाची,
जरा बारीक.
आणि ते उडालं!
मी मागे; काटे, वाळकं गवत, हत्तीची जुनी लीद,
कोरडा ओढा, पलीकडचा चढ.
चपलेचा अंगठा तुटला, तो कमरेला खोचला.
दुकानात गल्ला उघडा राहिलाय हे आठवलं
आणि तरी चालतच राहिले.

मग सेगो गप्प झालं.
गप्प झालं म्हणजे, इथेच.

मी वर बघितलं. वर नुसतं आभाळ.
खाली बुंधा, ओला, कालचाच.
खोडाचा ढोलीकडचा भाग तेवढा टाकून दिलेला,
फुटक्या पोळ्यावर मुंग्यांची रांग.
शेजारच्या फांदीला माश्यांचा घोस,
श्वास घेतल्यासारखा हलत होता.
आणि गवतात एक दोरी, पिवळी, नायलॉनची.
पोत्यांची तोंडं बांधायला
मीच कापून देते ती. हातभर. फुकट.

पाखरू बघत होतं.
त्याला काय, त्यानं आपलं काम केलं होतं.

मी मुंग्या झटकल्या, मेण वेचलं,
बोटभर असेल, काळपट,
आणि पान शोधलं. हिरवं.

घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.
झाडाचं सांगितलं. दोरीचं सांगितलं नाही.
मधाचं त्यांनी विचारलंच नाही.
"मेण ठेवलंस?"
"ठेवलं."
"पानावर?"
"पानावर."
मग त्यांनी पाय जरा लांब केला.

रात्री वहीचं कोरं पान काढलं,
वर लिहिलं, सेगो.
येणं की देणं, तिथेच पेन अडलं.
वळणावर कोळशाचा ट्रक येऊन थांबला,
पोती भरायला हॉर्न वाजवू लागला,
एकदा, मग वाट बघून
पुन्हा एकदा.