खालचं पाणी

दोरीची दुकानं ओलांडून आत आलो,
चपला पिशवीत, वही काखेत.
रकाने आखलेलेच होते.
कमान : इराणी वळणाची.
खांब : सागाचे. वरचा कोरीव हात
आमच्या रवळनाथाच्या सभामंडपात आहे तसाच,
फक्त मोर गाळून वेल ठेवलेली.
जिना : ओतीव लोखंड,
विलायती कारखान्याचं नाव
रंगाच्या सात थरांखाली बुजलेलं.
नखानं खरवडून पाहिलं. अर्धं अक्षर.

हौदाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर
गफूर सारंग. मूळचे बाणकोटचे.
"काय लिवतंस येवढा?"
म्हटलं, काय कुठून आलंय ते.

त्यांनी पावाचा लचका तोडून टाकला.
हिरव्या काळोखातून
सावकाश एक कासव वर आलं,
पाठीवर शेवाळ, डोळा मिटल्यासारखा,
आणि कमान, वेल, लोखंडी कठडा
हलले, एकमेकांत शिरले,
तोंड मिटलं तसे पुन्हा आपापल्या जागी.

"आणि हे कुठून आलं?"

"ता हुताच," सारंग म्हणाले.
"पाणीपण हुता. मशीद मागाहून आली."

वजूसाठी माणसं उतरू लागली,
बाह्या दुमडत, घड्याळं खिशात टाकत.
मी सरकून जागा दिली.
जाता जाता सारंगांनी
उरलेला पाव माझ्या हातावर ठेवला.